जुनी जर्मन स्पोर्ट्स सेडान: घेण्याआधी तिची खरी किंमत कशी काढायची

ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्र सरकारने २० वर्षांवरच्या गाड्यांची नोंदणी नूतनीकरणाची फी वाढवली. साध्या चारचाकीला १०,००० रुपये झाले आणि आयात केलेल्या चारचाकीला ८०,०००. पुढच्याच महिन्यात केरळात कस्टम्सने भूतानमार्गे देशात आणलेल्या महागड्या गाड्यांच्या शोधात छापे घातले. या दोन बातम्यांनंतर जुन्या बीएमडब्ल्यू आणि मर्सिडीजकडे डोळा ठेवून असलेल्या अनेकांच्या मनात एकच प्रश्न आला: आता अशी गाडी घ्यावी की नाही, आणि घ्यायची तर किती पैसे मोजावेत?

प्रश्न रास्त आहे. ठाण्यात किंवा नवी मुंबईत पंचवीस वर्षांपूर्वीची सहा सिलिंडरची बीएमडब्ल्यू आज नव्या छोट्या हॅचबॅकच्या भावात जाहिरातीत दिसते. गाडी चकचकीत असते, सीट चामड्याच्या, इंजिनचा आवाज असा की ऐकणाऱ्याचं मन वितळावं. पण जाहिरातीतला आकडा ही त्या गाडीची किंमत नव्हे. ती काढावी लागते, आणि त्याची पद्धत आहे.

स्पोर्ट्स सेडान म्हणजे नेमकी कुठली गाडी

चार दारं, पाच माणसं, मोठी डिकी, म्हणजे रूप घरच्या गाडीचं. पण इंजिन, गिअरबॉक्स आणि सस्पेन्शन चालवणाऱ्याच्या आनंदासाठी जुळवलेलं. जर्मनांनी ही जात घडवली. बीएमडब्ल्यूची पहिली एम५ १९८५ ची (एम ही कंपनीची स्पोर्ट्स शाखा). मर्सिडीजची १९०ई २.३-१६ त्याच सुमाराची, तिचं सोळा व्हॉल्व्हचं हेड कॉसवर्थ या ब्रिटिश इंजिन कंपनीचं. १९९० ची मर्सिडीज ५००ई घडवण्यात पोर्शच्या कारखान्याचा हात होता. ई-३९ पिढीची एम५ (१९९८ ते २००३) अनेकांच्या मते या सगळ्यांचा कळस: ४,९४१ सीसीचं व्ही८ इंजिन, ४०० अश्वशक्ती, आणि गिअरबॉक्स फक्त सहा गिअरचा मॅन्युअल.

आपल्या भागात प्रत्यक्षात हाती लागतात त्या याच घराण्यातल्या साध्या बहिणी. बीएमडब्ल्यूच्या ई-३६ आणि ई-४६ (तिसरी मालिका), ई-३४ आणि ई-३९ (पाचवी मालिका). मर्सिडीजची डब्ल्यू१२४, जिची ई२२० पुण्यात १९९५ पासून जुळवली जात होती. ई२२० ला कोणी शुद्ध स्पोर्ट्स म्हणणार नाही, पण याच सांगाड्यावर ५००ई उभी राहिली आणि या वाटेवरचं सगळ्यात शहाणं पहिलं पाऊल तीच आहे. बीएमडब्ल्यूचा चेन्नईचा कारखाना २००७ मध्ये सुरू झाला, त्यामुळे त्याआधीच्या ई-३९ आणि ई-४६ आयात केलेल्या. हा फरक लक्षात ठेवा, पुढे तो थेट खिशावर येतो.

आणखी एक गोष्ट इथेच. ५००ई आणि ई-३० पिढीची एम३ या दोन्ही कारखान्यातून फक्त डाव्या स्टिअरिंगच्या निघाल्या. उजव्या स्टिअरिंगची ‘ओरिजिनल’ ५००ई कोणी दाखवली तर ती नंतर केलेली बदलाबदली आहे. एम५ बद्दल शंका असेल तर चेसिस नंबर वाचा: खऱ्या एम गाड्यांचा नंबर डब्ल्यूबीएसने सुरू होतो, साध्या बीएमडब्ल्यूचा बहुतेक वेळा डब्ल्यूबीएने. आरसीवर सीसी लिहिलेली असतेच. चार सायलेन्सर आणि एमचा बिल्ला लावलेल्या साध्या ई-३९ ५३०आयच्या आरसीवर २,९७९ सीसीच असणार.

किंमत दोन भागांत असते

जुन्या सोसायटीत रीसेल फ्लॅट घेताना ठाण्याच्या नौपाड्यातला शहाणा माणूस फक्त कार्पेट एरिया बघत नाही. सोसायटीची थकबाकी किती, गच्चीचं वॉटरप्रूफिंग कधी झालं, लिफ्ट किती जुनी, हे विचारतो. कारण ते काम उद्या त्याच्याच माथी येणार असतं. जुन्या जर्मन गाडीचंही तसंच. एक भाग विकणाऱ्याला द्यायचा, दुसरा भाग गॅरेजला आणि आरटीओला. आधीच्या मालकाने पुढे ढकललेलं काम, म्हणजे थकलेली देखभाल, हा तो दुसरा भाग.

या गाड्या तकलादू नव्हत्या. त्या एका वेळापत्रकावर बांधल्या होत्या: अमुक किलोमीटरला हा पार्ट बदला, अमुक वर्षांनी तो. तिसऱ्या किंवा चौथ्या मालकापर्यंत गाडीचा भाव पडतो, पार्टचा भाव पडत नाही. तीन लाखांच्या गाडीवर सत्तर हजारांचं काम कोणाच्या जिवावर येत नाही? मग काम राहतं, गाडी विकली जाते. नेमकी हीच गाडी तुमच्यासमोर उभी असते.

आधी कागद, मग बॉनेट

गाडी बघायला जाण्याआधी नंबर मागून घ्या आणि एम-परिवहन ॲपवर टाका. नोंदणी चालू आहे का, ‘फिटनेस अपटू’ची तारीख काय, कर्जाचा बोजा आहे का, ब्लॅकलिस्ट आहे का, मालकाचा अनुक्रमांक कितवा, हे पाच मिनिटांत कळतं. ई-चलनं वेगळी तपासा.

पुढचा कागद आयात गाडीसाठी जीव की प्राण आहे: बिल ऑफ एंट्री. ड्युटी भरून गाडी देशात आली याचा हा कस्टम्सचा पुरावा. त्यावरचा चेसिस नंबर, आरसीवरचा आणि बॉनेटखाली ठोकलेला, तिन्ही एक एक अक्षर जुळवून बघा. ई-३९ आणि ई-४६ मध्ये तो पुढच्या उजव्या शॉकअपच्या मनोऱ्याजवळ असतो. पेन्सिलने कागदावर छाप घ्या, अक्षरांच्या भोवती घासल्याच्या किंवा वेल्डिंगच्या खुणा दिसतात का बघा. ड्युटी न भरता आलेली गाडी कस्टम्स कितव्याही मालकाकडून जप्त करू शकतं. ‘आम्हाला माहीत नव्हतं’ म्हणून गाडी परत मिळत नाही. बिल ऑफ एंट्री नाही आणि पहिल्या मालकाचा माग लागत नाही, अशी गाडी कितीही देखणी असली तरी सोडून द्या. या एका मुद्द्यावर घासाघीस नको.

नूतनीकरणाचं गणित आता बघू. खासगी गाडीची पहिली नोंदणी १५ वर्षांची. त्यानंतर दर पाच वर्षांनी फॉर्म २५ भरून, गाडी तपासून घेऊन नूतनीकरण. महाराष्ट्रात त्यासोबत पर्यावरण कर भरावा लागतो. २० वर्षांवरच्या आयात गाडीची ८०,००० रुपये फी पाच वर्षांत वाटली तर वर्षाला १६,००० होतात. पुण्यात जुळवलेल्या ई२२० ला तीच फी १०,०००, म्हणजे वर्षाला २,०००. म्हणून आरसीवर आणि ‘वाहन’ या सरकारी पोर्टलच्या नोंदीत गाडी आयात म्हणून लागली आहे की नाही हे आधी बघा. शेवटची पाच वर्षं नुकतीच करून घेतलेली गाडी आणि दोन महिन्यांनी पासिंग संपणारी गाडी, दिसायला सारख्या असल्या तरी भावात सारख्या नाहीत.

दिल्लीच्या नंबरच्या गाड्या स्वस्त मिळतात त्याला कारण आहे. तिथे १० वर्षांवरच्या डिझेल आणि १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर निर्बंध आले, कोर्टात ते पुढेमागे होत राहिले. अशी गाडी इथे आणताना फॉर्म २८ वरची एनओसी लागते, महाराष्ट्राचा कर भरावा लागतो, आणि मुळात तिथली नोंदणी रद्द झालेली नसावी लागते. वाशीला एमएच-४३ किंवा ठाण्याला एमएच-०४ चा नंबर हातात येईपर्यंत ती गाडी तुमची झाली असं समजू नका.

‘पण ही विंटेज आहे, विंटेजला सूट असते’, हे वाक्य हमखास ऐकायला मिळतं. २०२१ च्या नियमानुसार विंटेज म्हणजे ५० वर्षांवरची, मूळ रूपात राखलेली गाडी. तिची नोंदणी २०,००० रुपयांत दहा वर्षांसाठी होते, नंबरात ‘व्हीए’ येतं, आणि ती रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. १९९८ ची ई-३९ या व्याख्येत २०४८ मध्ये बसेल. तोवर ती कायद्याच्या नजरेत निव्वळ जुनी गाडी आहे.

बाहेरचं पाणी: पूर, गळती आणि गाळ

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मुंबई-ठाणे पट्ट्यात हजारो गाड्या बुडाल्या. त्यातल्या काही धुऊन, सुकवून आजही फिरताहेत. त्या वेळी या भागात असलेल्या गाडीकडे ही शंका ठेवूनच बघायचं.

कसं ओळखायचं? सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. आतल्या टोकाला पाण्याची तपकिरी रेघ राहते, कारण तो भाग कोणी धूत नाही. सीटच्या खालचे बोल्ट गंजलेत का बघा. डिकीतलं स्पेअर व्हील उचला आणि खोबणीच्या कोपऱ्यात बोट फिरवा. बारीक गाळ लागला तर ते पुराचं पाणी.

मात्र ओलं कार्पेट म्हणजे पूर असंही नाही. ई-३९ मध्ये दाराच्या आत एक फोमचा पातळ पडदा चिकटवलेला असतो. त्याचा डिंक सुटला की काचेवरून उतरणारं पावसाचं पाणी आत झिरपतं आणि मागच्या पायाखालचं कार्पेट भिजतं. सनरूफच्या नळ्या चोंदल्या तरी तेच. हे पाणी स्वच्छ असतं, गाळ नसतो, दुरुस्तीही किरकोळ: नवा पडदा, ब्युटिल टेप, नळ्यांची सफाई. पण ते वर्षानुवर्षं तसंच राहिलं तर खालचा पत्रा आणि वायरिंग जातं. ई-३९ ची बॅटरी डिकीत उजव्या बाजूला असते. ती उचलून खालचा पत्रा बघितल्याशिवाय गाडी बघून झाली असं म्हणू नका.

खाडीजवळच्या खाऱ्या हवेत, म्हणजे कोपरी, ऐरोली, वाशी, नेरुळच्या उघड्या पार्किंगमध्ये वर्षानुवर्षं उभ्या असलेल्या गाडीचा खालचा पत्रा जास्त बारकाईने बघा. डब्ल्यू१२४ मध्ये जॅक लावायच्या जागा, पुढच्या फेंडरची खालची कड, पुढच्या काचेची चौकट आणि दारांखालच्या प्लास्टिकच्या पट्ट्यांमागचा भाग या गंजाच्या ठरलेल्या जागा. पट्टी वरून सुंदर दिसते, मागे पत्रा भुसभुशीत झालेला असतो. रंगाची जाडी मोजायचं मीटर सोबत न्या. कारखान्याचा रंग साधारण १०० ते १६० मायक्रॉन. ३०० म्हणजे पुन्हा मारलेला रंग. हजाराच्या पुढे गेलं की खाली पुट्टी आहे.

आतलं पाणी: कूलिंग

बीएमडब्ल्यूची सहा सिलिंडरची इंजिनं (एम५२, एम५४ या नावांची) मजबूत आहेत. त्यांना मारतं ते कूलिंग. रेडिएटरची मान, कूलंटची टाकी, थर्मोस्टॅटचं घर, हे सगळं प्लास्टिकचं; शंभर-सव्वाशे अंशांच्या गरम-थंडीत दहा वर्षांत ते बिस्किटासारखं ठिसूळ होतं. जुन्या पाणीपंपात आतलं पातंसुद्धा प्लास्टिकचं असायचं. घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये, मे महिन्यात, एसी चालू असताना यातलं काहीतरी फुटतं.

पुढचा धोका त्याहून मोठा. ई-३९ आणि ई-४६ चा तापमानाचा काटा मुद्दाम ‘शांत’ ठेवलेला आहे. साधारण ७५ ते ११५ अंशांपर्यंत तो मधोमध उभा राहतो. तो हलला तेव्हा उशीर झालेला असतो. ॲल्युमिनियमचं हेड वाकलेलं किंवा ब्लॉकमधले हेडबोल्टचे आटे सुटलेले असतात. म्हणून काट्यावर विसंबू नका, गाडीचा कंप्युटर वाचणारा स्कॅनर लावून खरा आकडा वाचा. २००० च्या आसपासपर्यंतच्या बीएमडब्ल्यूत बॉनेटखाली गोल २० पिनांचं सॉकेट असतं. साधा ओबीडी स्कॅनर तिथे बसत नाही, ॲडॅप्टर लागतो. मेकॅनिककडे तो नसेल तर तो या गाड्यांचा मेकॅनिक नव्हे.

तपासणी अशी करा. विकणाऱ्याला आधीच सांगा की गाडी थंड हवी; पोचलात आणि बॉनेट कोमट लागलं तर दुसऱ्या दिवशी या. थंड इंजिनवर टाकीचं झाकण उघडून कूलंट बघा. निळं किंवा हिरवं, स्वच्छ हवं. गढूळ तपकिरी पाणी म्हणजे कोणीतरी नळाचं किंवा बोअरचं पाणी टॉपअप करत आलंय आणि आत क्षार बसलेत. मग वीस मिनिटं चालवून, एसी लावून, गाडी पंधरा मिनिटं उभी ठेवा. तापमान चढत जाऊन न थांबलं तर फॅन क्लच किंवा पुढचा इलेक्ट्रिक फॅन गेला.

पूर्ण कूलिंगचं काम म्हणजे रेडिएटर, टाकी, पंप, थर्मोस्टॅट, वरचा-खालचा होज, बेल्ट आणि पुली एकदमच. एकेक बदलत बसलात तर नव्याचा दाब जुन्यावर येतो आणि पुढचा दुवा फुटतो. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं. भरताना इग्निशन ऑन, हीटर पूर्ण गरमवर, पंखा हळू, हवा काढायचा स्क्रू सैल, आणि बुडबुडे थांबेपर्यंत सावकाश ओतायचं. हीटर बंद ठेवून भरलं की आत हवेचा फुगा राहतो, आणि नवे पार्ट घालूनही गाडी ओव्हरहीट होते. तो स्क्रू प्लास्टिकचा आहे, जोर लावला की मोडतो.

बाकीची ठरलेली दुखणी

ई-४६ घेत असाल तर गाडी रॅम्पवर चढवाच. मागचा सबफ्रेम (मागचं सस्पेन्शन धरणारी चौकट) बॉडीला ज्या चार ठिकाणी बोल्टने बसतो, तिथला पत्रा तडकतो. टॉर्च मारून रंगातल्या केसासारख्या भेगा शोधा. वेल्डिंग आणि मजबुतीकरण करता येतं, पण सगळं मागचं सस्पेन्शन खाली उतरवून. भाव ठरवण्याआधी हे कळलंच पाहिजे.

ई-३९ ला ८० च्या आसपास ब्रेक मारल्यावर स्टिअरिंग थरथरलं तर बहुतेक वेळा पुढच्या सस्पेन्शन आर्मचे बुश (रबरी जोड) गेलेले असतात. आपल्या खड्ड्यांत ते लवकर जातात. पूर्ण आर्म जोडीने बदला, नुसता बुश ठोकून बसवण्यात कारागिरी वाया जाते.

इंजिन खालच्या आरपीएमला मरगळलेलं आणि वर जोमात असेल तर व्हॅनोसचे सील झिजलेत. व्हॅनोस म्हणजे व्हॉल्व्ह उघडण्याची वेळ पुढेमागे करणारी बीएमडब्ल्यूची यंत्रणा. तिचे रबरी सील कडक होतात. एम५४ तेल पीत असेल, आयडलवर थांबून निघताना निळा धूर सोडत असेल, तर आधी क्रँककेसमधली वाफ खेचणारा व्हॉल्व्ह बघा. त्याचं पातळ रबर फाटलेलं असतं. लगेच ‘इंजिन काम’ म्हणून कोणी घाबरवलं तर ऐकू नका; आणि विकणारा ‘नुसता व्हॉल्व्ह आहे’ म्हणाला तर कॉम्प्रेशन टेस्ट करूनच विश्वास ठेवा.

डब्ल्यू१२४ मध्ये १९९० च्या दशकातल्या पहिल्या निम्म्या गाड्यांच्या इंजिन वायरिंगचं आवरण आपोआप भुगा होतं. हार्नेसचं (वायरींच्या जुडग्याचं) वरचं टोपण थोडं सोलून एक वायर हलकेच वाकवा. आवरण तडकून गळून पडलं तर पूर्ण हार्नेस नवा लागणार. न बदलता चालवली तर वायरी एकमेकींना टेकतात आणि कंप्युटर जळतो.

ऑटोमॅटिक गिअरबॉक्सवर ‘आयुष्यभराचं तेल’ असं कंपनीने लिहिलं असेल, तरी लाखभर किलोमीटरला ते बदललेलं हवं. थंड गाडीत रिव्हर्स टाका. गिअर बसायला सेकंदाहून जास्त लागला, मग धक्का बसला, तर मोठा खर्च समोर आहे.

हिशेब मांडून बघू

खालचे आकडे पद्धत दाखवण्यासाठी घेतलेत. तुमच्या गाडीचे आकडे मेकॅनिककडून लेखी घ्या.

समजा ५३०आय ऑटोमॅटिक आहे, मागितलेत १० लाख. अशीच, सगळं काम झालेली, बिलांची फाइल असलेली गाडी प्रत्यक्ष १२ लाखांना हातोहात जाते, असं चारपाच ठिकाणी विचारून कळलं. जाहिरातीतला भाव धरू नका, व्यवहार झालेला भाव धरा. आता थकलेलं काम: कूलिंग ७० हजार, सस्पेन्शन १ लाख १० हजार, टायर ६० हजार, गिअरबॉक्सचं तेल आणि माउंटिंग ५० हजार, तेलगळती आणि व्हॉल्व्ह ६० हजार, एसी ४० हजार, पासिंगची फी आणि तयारी मिळून १ लाख. बेरीज ४ लाख ९० हजार.

यावर पाव हिस्सा वाढवा, कारण या वयात एक पार्ट उघडला की शेजारचा तुटतो. साधारण ६ लाख १० हजार झाले. १२ मधून वजा केले की उरतात ५ लाख ९० हजार. ही तुमची वरची मर्यादा. विकणारा १० वर अडला तर भांडू नका. तुमची यादी त्याला दाखवा, नंबर देऊन ठेवा आणि निघा. अशा गाड्यांना गिऱ्हाईक रोज येत नाही.

यात अधिक काय धरायचं? मॅन्युअल गिअरबॉक्स, कारखान्याचा रंग, पहिल्या मालकापासूनची बिलं, दोन्ही किल्ल्या. बीएमडब्ल्यूत डिकीच्या झाकणाला आतून एक टूलकिट बसवलेलं असतं. झाकणाचा खटका उघडा. प्रत्येक पाना आपापल्या खाचेत असेल तर ती गाडी जपणाऱ्याच्या हातात होती. हे मी छोटं मानत नाही. पाना हरवू न देणारा माणूस तेल बदलायचंही विसरत नाही.

‘गाडी फक्त साठ हजार चालली आहे’

२५ वर्षांत साठ हजार म्हणजे गाडी बहुतेक काळ उभी होती. रबर वयाने मरतं, किलोमीटरने नाही. शिवाय आकडा खरा आहे का? ई-३९ मध्ये किलोमीटर मीटरमध्ये आणि दिव्यांच्या कंट्रोल युनिटमध्ये, असा दोन ठिकाणी साठवला जातो. दोन्ही जुळले नाहीत की आकड्याशेजारी एक छोटा ठिपका पेटतो. मीटर बदललं असेल तरीही तो पेटतो, म्हणून तो गुन्ह्याचा पुरावा नव्हे. पण स्पष्टीकरण आणि बिल मागायला पुरेसा आहे. डब्ल्यू१२४ मध्ये तर मीटरचं दातेरी चाक घसरून आकडा वर्षानुवर्षं एकाच जागी राहतो. टायरवरच्या ‘DOT’ या अक्षरांपुढचे शेवटचे चार अंक वाचा: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. सहा वर्षांपलीकडचे टायर, नक्षी कितीही खोल असली तरी, नवे घ्यायचे म्हणून हिशेबात धरा.

‘पार्ट मिळत नाहीत म्हणतात’

मिळतात. बीएमडब्ल्यू आणि मर्सिडीज दोघांचेही जुन्या गाड्यांसाठी वेगळे विभाग आहेत, आणि ज्या कंपन्या कारखान्याला माल पुरवत होत्या त्यांचाच पार्ट वेगळ्या डब्यात कमी भावात येतो. चेसिस नंबरचे शेवटचे सात अंक आणि अचूक पार्ट नंबर दिल्याशिवाय काही मागवू नका. परदेशातून मागवलं तर कस्टम ड्युटी आणि आयजीएसटी धरून भाव काढा. कुर्ल्याच्या सीएसटी रोडच्या बाजारात दाराचं हँडल, दिवा, सीटचं मोटर असं जुनं सामान घ्यायला हरकत नाही. कूलिंग, ब्रेक आणि स्टिअरिंगचं जुनं घेऊ नका.

‘जर्मनीत याच गाडीला दुप्पट मिळतात’

मिळत असतील, पण ती बाजारपेठ आपल्याला जोडलेली नाही. सर्वसाधारण नियमाप्रमाणे तीन वर्षांहून जुनी गाडी भारतात आयात होत नाही, त्यामुळे आत आहेत तेवढ्याच गाड्या. याने चांगल्या गाडीचा भाव टिकतो हे खरं. पण घेणारेही मोजके, म्हणून विकायला वेळ लागतो. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने महानगर प्रदेशातली पेट्रोल-डिझेल वाहनं टप्प्याटप्प्याने कमी करण्याचा विचार करायला सांगितलं, त्यावर समितीही नेमली गेली. वीस वर्षांची गुंतवणूक म्हणून गाडी घेणाऱ्याने हे डोक्यात ठेवावं. चालवायला घेणाऱ्याला ही गाडी आजच पूर्ण मोबदला देते, आणि घ्यायचं ते कारण हेच असावं.

‘ई२० पेट्रोलने इंजिन जाईल का?’

ई२० म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. इंजिन सहसा जात नाही, रबर जातं. इथेनॉल जुने पेट्रोलचे होज मऊ करतं, तडकवतं. टाकीपासून इंजिनपर्यंतचे सगळे रबरी तुकडे इथेनॉल सोसणारे घाला आणि फिल्टर बदला. पावसाळ्यात गाडी उभी ठेवणार असाल तर टाकी भरलेली ठेवा. रिकाम्या जागेतल्या दमट हवेतलं पाणी इथेनॉल ओढून घेतं.

‘विमा सगळं भरेल ना?’

पाच वर्षांवरच्या गाडीची विमा किंमत कंपनी आणि तुम्ही मिळून ठरवता. फोटो, बिलं आणि मूल्यांकनाचा अहवाल देऊन ती वाढवून घ्या. दहा वर्षांवरच्या गाडीच्या धातूच्या पार्टवर ५० टक्के घसारा कापला जातो, प्लास्टिक-रबरावरही ५० टक्के. अपघात झाला तर पार्टचं अर्धं बिल तुमचं.

व्यवहाराच्या दिवशी

टोकन देताना कागदावर लिहून घ्या: कागदपत्रं न जुळल्यास टोकन परत. फॉर्म २९ आणि ३० वर दोघांच्या सह्या, कर्ज असेल तर बँकेच्या एनओसीसह फॉर्म ३५, आणि ताबा-पावतीवर तारीख आणि वेळ. विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. आरसीवर ज्याचं नाव, अपघाताची भरपाई त्याच्या माथी येऊ शकते, म्हणून उशीर कोणालाच परवडत नाही.

गाडी दारात आली की पहिल्या आठवड्यात लांब जाऊ नका. इंजिन ऑइल (एम५४ ला फिल्टरसह साडेसहा लिटर), ब्रेक ऑइल, गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलचं तेल, सगळे फिल्टर, पेट्रोलचे होज आणि कूलिंग आधी. रंग, व्हील आणि म्युझिक सिस्टीम त्यानंतर. पहिला हजार किलोमीटर घोडबंदर आणि पाम बीचच्या टप्प्यात काढा. रोज सकाळी गाडीखाली पुठ्ठा सरकवून ठेवा आणि डाग कुठे पडतो ते बघा: निळा-हिरवा कूलंट, तपकिरी इंजिनचं तेल, लालसर गिअरबॉक्सचं किंवा पॉवर स्टिअरिंगचं. एसीखालचं स्वच्छ पाणी सोडून द्या.